दारावर लिहिली आहे तेवढीच हवा

कारखान्याने दिली तशीच्या तशी राहिलेली मोटार साऱ्या चेन्नईत एकच आहे आणि ती माझ्या मामेसासऱ्यांची, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांची आहे. गाडी फोर व्हील ड्राइव्ह, डोंगर चढायला बनवलेली. घेऊन सहा वर्षे झाली, तरी सीटवरचे प्लास्टिक मामांनी काढलेले नाही. मे महिन्यात त्यावर बसलेला माणूस उतरतो तेव्हा कातडी सोलल्यासारखा आवाज येतो. मामी बसण्यापूर्वी पंचा अंथरतात. मामा तो घडी घालून मागे टाकतात, कारण पंचा गाडीबरोबर आलेला नव्हता.

मामा मूळचे साताऱ्याचे. चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात ते निवृत्त होईपर्यंत तपासनीस होते. दुसऱ्याने बनवलेली वस्तू नकाशाबरहुकूम आहे की नाही ते पाहायचे आणि असली तर शिक्का मारायचा, हे काम. एवढ्या वर्षांत तमिळमधली दोनच वाक्ये त्यांनी आत्मसात केली: 'सरि इल्लै', म्हणजे बरोबर नाही, आणि 'तिरुंब पण्णु', म्हणजे पुन्हा कर. त्यावर त्यांचे सगळे भागले. निवृत्तीच्या दिवशी शिक्का जमा करून घेतला गेला, नजर त्यांच्याकडेच राहिली. हॉटेलात इडल्या आल्या की ते आधी त्या एकमेकींशेजारी लावून पाहतात, मग खातात; एकदा त्यातली मधली परत पाठवली होती. मुलीच्या लग्नात, मुहूर्ताला दहा मिनिटे उरली असताना, ते हातात पाना घेऊन मांडवाच्या खांबाखाली आडवे झालेले सापडले. बोल्ट खरोखरच ढिला होता, हे नमूद केले पाहिजे.

गाडीची माहितीपुस्तिका त्यांनी तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करून वाचली आहे. वेलचेरीत आमच्या गल्लीत पाणी भरले तेव्हा ते आवडीहून आमच्यासाठी दूध घेऊन निघाले. उड्डाणपुलाच्या टोकाला उतरले, पट्टीने पाण्याची खोली मोजली आणि मला फोन केला. "जावईबापू, दूध आणलंय. पाणी पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा दोन बोटं जास्त आहे. तेव्हा तुम्हीच या." मी कमरेएवढ्या पाण्यातून दूध आणायला गेलो. फोर व्हील ड्राइव्ह पुलावर कोरडी उभी होती.

गेल्या वर्षी मामांचा डावा गुडघा क्लच दाबताना थरथरू लागला. त्यांची मुलगी डॉक्टर आहे, अण्णा नगरला असते. तिने जेवणाच्या टेबलावर सरळ सांगितले, "बाबा, गाडी विकू या. आजीबाईसारखी सावकाश चालवता तरी मला धडकी भरते." मामा वरणभात कालवत म्हणाले, "डोंगरातल्या एखाद्या अवघड वाटेवर जाऊन येतो. कुणी एकदा जरी दोर लावून ओढलं, तर किल्ली तुझी. नाही ओढलं, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही." मामी म्हणाल्या, "हाडं मोडली तर ती कुणाची, तेही ठरवून घ्या." साक्षीदार म्हणून मला बरोबर पाठवायचे ठरले. मला कुणी विचारले नव्हते.

वाट आंध्रच्या हद्दीजवळच्या टेकड्यांत होती, एका ओढ्याच्या पात्रातून वर जाणारी. सोबत डोंगरात गाड्या चढवणाऱ्या हौशी मंडळींचा क्लब. त्यांच्या गाड्यांची चाके माझ्या छातीएवढी आणि पुढे ओढायला यंत्रे. क्लबचा म्होरक्या तंजावरकडच्या मराठी घरातला तिशीतला इंजिनिअर. त्याचे मराठी तमिळच्या चालीवर जाते. आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "मामा, ही तर शोरूमहून सरळ आली की." मामांना ती स्तुती वाटली.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी टायरमधली निम्मी हवा सोडली. हवा कमी असली की रबर पसरते आणि दगडाला धरते. मामांनी दार उघडून चौकटीवरचा कागद म्होरक्याला दाखवला. "इथे आकडा लिहिलाय. तेवढीच हवा."

"तो रस्त्यासाठी आहे, मामा. इथे रस्ता कुठे आहे?"

"तसं लिहिलेलं नाही."

पहिले दोन चढ त्यांनी इतक्या सफाईने काढले की मागच्या गाडीतून टाळ्या आल्या. तिसरा ओल्या, गुळगुळीत खडकाचा होता. निम्म्यावर चाके जागच्या जागी फिरू लागली. मामांनी गाडी मागे घेतली, पुन्हा चढवली. पुन्हा तेच. पाचव्या खेपेला क्लच जळल्याचा वास आला. म्होरक्या दोर घेऊन आला. "दोर लावतो, मामा. पाच मिनिटांचं काम. नाही तर काट्रु काढा. हवा, हवा."

मामांनी इंजिन बंद केले. मग कप्प्यातून कोरा कागद काढला. त्यांच्या कारखान्यात नकाशाबाहेरची वस्तू एका वेळेपुरती चालवून घ्यायची असली तर तपासनीस लेखी परवानगी देत असे. तिला कन्सेशन म्हणत. मामांनी स्टिअरिंगवर कागद ठेवून कन्सेशन लिहिले: टायरची हवा निम्मी, फक्त या चढापुरती; कारण: ओला खडक. खाली सही केली. मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. मागे अकरा गाड्या थांबल्या होत्या आणि कुणीतरी हॉर्न वाजवत होते. मग मामांनी खाली उतरून एकेका टायरची हवा मोजून सोडली, आणि गाडी पहिल्याच खेपेत वर गेली. दोर लागला नाही.

वर पोचल्यावर त्यांनी पंपाने हवा पुन्हा कागदावरच्या आकड्याइतकी भरली. उतरायचे त्याच खडकावरून होते. गाडी त्यांनी कशी उतरवली हे मी मामींना अजून सांगितलेले नाही.

संध्याकाळी अण्णा नगरला मी साक्ष दिली: दोर लावला नाही. मुलगी म्हणाली, "बरं बाबा, जिंकलात तुम्ही." मामांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"पाचव्या खेपेला पाय पेडलवर राहिला नाही. घसरला. चाकांचा दोष नव्हता सगळा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कन्सेशन लिहिताना कारण अपुरं लिहिलं मी. तपासनीसाने तसं करायचं नसतं."

मुलीने गाडी विकली नाही. ती मलाच चालवायला सांगितली आहे. रविवारी मी आवडीला जातो, मामा डावीकडे बसतात आणि आम्ही रेल्वे फाटकापर्यंत फिरून येतो. सुरुवातीचे काही रविवार ते माझ्या प्रत्येक गिअरवर बोलत. मागच्या आठवड्यात माझ्या हातून पुढचे चाक खड्ड्यात जोरात आपटले. गाडीखालून काहीतरी वाजले. मी वेग कमी केला आणि ते काय म्हणतात याची वाट पाहिली. मामा खिडकीबाहेर बघत होते. फाटक आले, गाडी वळवली, घर आले, तरी मी वाट पाहतच होतो.