चक्कर मारल्याशिवाय चावी नाही

आमच्या धंद्यात गाड्या झिजतात आणि किस्से साठतात. मुळशीत रस्त्याला लागूनच आमची पत्र्याची शेड आहे. शनिवार-रविवारी पुण्याकडची मंडळी येतात, आमच्याकडून मोटरसायकल नाहीतर स्कूटर भाड्याने घेतात आणि धरणाच्या कडेने ताम्हिणीपर्यंत हिंडून येतात. धंद्यात आम्ही तिघं. मी, पौडचा सलीम आणि माझे चुलते नाना. नाना एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यामुळे जगात दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येते यावर त्यांचा विश्वास नाही.

पूर्वी आम्ही मागेल त्याला गाडी द्यायचो. घरचीच गाडी, पांढरी नंबरप्लेट, आणि हेल्मेट मागितलं तर शोधायला लागायचं. एका रविवारी आमची गाडी घेऊन गेलेला एक जण वळणावर घसरला. दोन दिवस शुद्धीवर नव्हता. वाचला, पण ते दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर मी कसे काढले ते माझं मला माहीत. पुढे नियम कडक झाले. परवाना, भाड्याच्या गाडीची काळी नंबरप्लेट, दोन हेल्मेट, लायसन्स बघितल्याशिवाय चावी नाही. तेव्हा सगळ्यात जास्त ओरडलो मीच. आज मोकळेपणाने सांगतो, बरं झालं. तेव्हापासून आमच्या गाडीवर कुणाला खरचटलेलंसुद्धा नाही. तरी संध्याकाळी सगळ्या गाड्या शेडमध्ये लागल्याशिवाय मला भूक लागत नाही.

*

काळ्या प्लेटा बसवल्या त्या दिवशी सलीमची आई शेडवर आली होती. सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवून म्हणाली, "बरं केलंत. काळं लावलं, आता दृष्ट लागायची न्हाई."

"अम्मी, ह्ये सरकारनं लावायला सांगितलंय," सलीम म्हणाला.

"मग? सरकारलाबी कुनीतरी आई असंलच की."

*

पाच मित्र आले. गाड्या हव्यात पाच आणि लायसन्स निघालं एक. त्यातला पुढारी मला समजावायला लागला, "भाऊ, हम सब साथ में ही हैं ना. समझो ग्रुप का लायसन्स है."

नानांनी एकच चावी काढून टेबलावर ठेवली.

"घ्या. आता एक जन चालवा, आनि बाकीचा ग्रुप मागनं पळत या."

*

सरकारच्या नियमांवर नानांनी स्वतःचा एक नियम चढवलाय. शेडमागच्या मोकळ्या जागेत प्रत्येकाने मागच्या माणसासकट एक चक्कर मारून दाखवायची. गंमत म्हणजे चालवणाऱ्याकडे नाना बघतच नाहीत. मागे बसलेल्याच्या तोंडाकडे बघतात आणि चक्कर संपली की त्यालाच बाजूला घेऊन विचारतात.

एकदा एक साहेब आले. लेह-लडाख कसं केलं ते ऐकवून झालं, हातमोजे घालून झाले, मग बाईंना मागे बसवून चक्कर मारली. नानांनी बाईंना विचारलं, "ताई, ह्यांच्या मागं बसून घाटात जाल का?"

"बावीस वर्षं बसतेय हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मघापासून बघतेय, इथे रिक्षा मिळते का."

बाईंकडे लायसन्स होतं. त्यांनीही एक चक्कर मारली. गाडी त्यांच्या नावावर गेली आणि साहेब मागे बसले, दोन्ही हातांनी घट्ट धरून.

*

आमच्याच भागातला एक पुढारी पाहुण्यांसाठी गाडी मागायला आला. पाहुण्यांकडे लायसन्स नव्हतं. मी आपला काकुळतीला येऊन नियम सांगत होतो. तो तापला. नानांकडे वळून म्हणाला, "मला वळखत न्हाई का तुमी?"

"वळखतो की," नाना म्हणाले. "तुझ्या आज्यापासनं वळखतो. म्हनून तर न्हाई देत."

*

माझीही फजिती सांगायला हवी. तपासणीला आरटीओचे साहेब आले होते. परवाना बघितला, विमा बघितला, हेल्मेटं हातात घेऊन बघितली. सगळं चोख. "असं काम पाहिजे," म्हणाले. माझी छाती फुगली. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "ती पांढऱ्या प्लेटची गाडी कुणाची?"

"माझी. घरून येतो ना तिच्यावर."

"आणि तुमचं हेल्मेट?"

दंडाची पावती माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने लिहून फाडली. सलीम आजही शेड बंद करताना विचारतो, "मालक, डोकं घेतलं का?"

*

आणि हा श्रावणातला. पुण्याजवळच्या जांबे गावात भाड्याने राहणारं, आयटीतलं जोडपं. तो इतका सज्जन, की फॉर्मची एकेक ओळ बोट ठेवून वाचली. चक्कर झकास मारली. बायकोनेही हसून मान डोलावली. निघताना नानांनी सांगितलं, "घाटाकडं धुकं हाय. रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसंना झाला, की गाडीवरनं खाली उतरायचं."

पाचला परत यायचे होते. सहा वाजले. वरच्या अंगाला रेंज नसते हे मला माहीत आहे, तरी मी फोन लावतच होतो. साडेसहाला सलीमने टेम्पो काढला, मी आणि नाना शेजारी बसलो. प्रत्येक वळणावर मी रस्ता सोडून कडेचा उतारच बघत होतो.

सात-आठ किलोमीटर गेल्यावर धुक्यात एक दिवा दिसला. अगदी सावकाश येत होता. जवळ गेलो तर हा गडी गाडी हाताने ढकलत निघालेला, मागून बायको मोबाईलचा टॉर्च धरून. दोघंही धडधाकट. मी खाली उतरलो आणि आधी त्याचे दोन्ही दंड धरून बघितले.

"गाडी बंद पडली का?" सलीमने विचारलं.

"नाही. पट्टा दिसत नव्हता."

"मग कुठंतरी थांबायचं की."

"काका म्हणाले, खाली उतरायचं. थांबायचं असं नाही म्हणाले."

दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली घट्ट बांधलेलं. मी म्हटलं, "अहो, चालताना तरी काढायचं."

"फॉर्मवर लिहिलंय ना, गाडी परत देईपर्यंत हेल्मेट काढू नये."

ते वाक्य माझंच. बायको म्हणाली, "वाटेत टपरीवर चहा घेतला. तोसुद्धा ह्याने काच वर करून स्ट्रॉने प्यायला."

गाडी टेम्पोत चढवली. मागे गाडीशेजारीच दोघं बसले, हेल्मेटसकट. नाना बराच वेळ मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"ह्याला कवाबी गाडी दे. लायसन मागू नगंस."