साडेबाराचं शटडाऊन

दुपारी साडेबाराला पॅनेलकाका खुर्चीतून उठत, चष्मा पुसत आणि खिळ्याला अडकवलेला कागद हातात घेत. कागदावर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात सात ओळी होत्या आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती. समोर टीव्ही. टीव्हीखालच्या बुटक्या कपाटावर गेमचा कन्सोल. घरात त्याला सगळे ‘डबा’च म्हणत. आणि कपाटापासून तीन हातांवर त्यांची बायको खुर्चीत बसलेली, कंट्रोलर मांडीवर, काठी डाव्या हाताशी.

“एक. खेळ सेव्ह केला?”

“हो.”

“दोन. खेळातून बाहेर आलीस?”

“हो.”

बायको प्रत्येक प्रश्नाला हो म्हणे. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवी बाजू लुळी पडली आणि त्याबरोबर शब्दही गेले. मागे राहिला तेवढा एक. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. म्हणून काका तिचं उत्तर ऐकून घेत, पण खात्री पडद्याकडे बघून करत आणि मगच कागदावर खूण करत.

पॅनेलकाका हे नाव कारखान्यातलं. कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी विजेच्या खोलीत काढली. सगळ्या यंत्रांची वीज त्या एका पॅनेलवरून जाई आणि कोणाची चालू, कोणाची बंद हे त्यांचं बोट ठरवी. एकतीस वर्षांत एकही चुकीचा खटका नाही. हे ते स्वतः सांगत नसत. पण दुसरं कोणी सांगायला लागलं तर मध्ये बोलतही नसत. एकदा दुसऱ्या शिफ्टमधल्या कोणीतरी ‘बंदच आहे’ समजून एक यंत्र तसंच सोडलं होतं. खाली हात घातलेल्या फिटरची चार बोटं गेली. तेव्हापासून काकांचा नियम काळ्या दगडावरची रेघ: भिंतीवरचा खटका बंद असेल तरच यंत्र बंद. बाकी सगळी थापेबाजी.

“अहो बाबा, ठेवा ना तसाच,” मुलगी म्हणायची. “त्याला झोपवता येतं. नारिंगी दिवा लागतो आणि पडून राहतो.”

“झोपलेलं यंत्र म्हणजे जागं यंत्र.”

“गेम आहे तो. बॉयलर नाही!”

“म्हणजे वीज काय लाजून आत येते का त्याच्या?”

डबा मुलीचाच, वापरून झालेला. अंगठ्याला व्यायाम हवा, असं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, म्हणून तिने तो आणून जोडला. अकरा ते साडेबारा, एवढाच वेळ खेळायचं. खेळात समुद्राकाठचं एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात शिंप्याचं दुकान. तिथे ठिपक्याला ठिपका जोडून कापडाची नक्षी करता येई. बायकोने सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापड कापलं होतं, चाळीस-चाळीस थर एका दमात. ती त्या दुकानात शिरली ती बाहेर आलीच नाही. रोज एक नक्षी. गावातली चितारलेली माणसं ते कपडे घालून हिंडत. टपालवाल्याच्या अंगात काकांच्या जुन्या स्वेटरची नागमोडी वीण होती. ज्या दिवशी घरात भांडण होई, त्या दिवशी काळ्या चौकटी निघत. रविवारी मुलगी आली की आधी पडदा बघे आणि विचारे, “मंगळवारी काय झालं होतं, बाबा?”

तीनशे अकरा नक्ष्या झाल्या होत्या. बोलणं बंद झाल्यापासून बायको जे काही बोलली ते तेवढंच, आणि ते सगळं त्या डब्यात होतं. त्याची नक्कल काढून दुसरीकडे ठेवता येते का, हे मुलीने नीट तपासलं होतं. त्या खेळात ती सोय नव्हती. डबा आत नोंद लिहीत असताना, म्हणजे त्याचा दिवा लुकलुकत असताना, वीज तोडली तर सगळंच पुसलं जाऊ शकतं, हेही तिनेच सांगितलं. त्यावर काका म्हणाले होते, “मी आहे ना.” आणि सात ओळींचा कागद तयार केला होता.

पहिली गोष्ट घडली ती एका बुधवारी. काकांनी कागद हातात घेतला तर त्यावर सातही खुणा केलेल्या होत्या. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. डबा चालू, बायको ठिपके भरतेय. खुणा त्यांच्याच हातच्या, कधी केल्या ते आठवत नव्हतं. कारखान्यात याला ‘पेन आधी, हात नंतर’ म्हणत. असं करणाऱ्याला काकांनी दोनदा खोलीबाहेर काढलं होतं. त्यांनी खोडरबराने खुणा पुसल्या, कागद परत अडकवला आणि साडेबाराची वाट बघत बसले.

दुसरी गोष्ट तीन आठवड्यांनी. सकाळी अकराला डबा लावला तर पडद्यावर गाव नाही. निळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या: मागच्या वेळी यंत्र नीट बंद केलं गेलं नाही, साठवण दुरुस्त होत आहे. खाली एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बावीस मिनिटं दोघं त्या पट्टीकडे बघत राहिली. गाव परत आलं, आदल्या दिवशीची नक्षी तेवढी गेली. बायकोने काही केलं नाही. तीच नक्षी पहिल्या ठिपक्यापासून पुन्हा सुरू केली.

“व्होल्टेज,” काका फोनवर मुलीला म्हणाले. “वायरिंग जुनी आहे ना.”

आयुष्यात नोंदवहीतही त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. हे त्यांचं पहिलं खोटं.

त्या दिवसापासून साडेबारा वाजले की बायको पडद्याकडे बघेनाशी झाली. ती काकांच्या हाताकडे बघे. भिंतीकडे हात गेला की तिची मान वळे, हात खाली आला की मान जागेवर. स्वयंपाकघरात जाता-येतासुद्धा ती नजर त्यांना पाठीवर जाणवायची.

आणि मग तो गुरुवार.

“एक. सेव्ह केला?”

“हो.”

“दोन. बाहेर?”

“हो.”

“तीन. मेनू. चार. पूर्ण बंद, झोप नाही. पाच.” काकांनी पाचवी ओळ मोठ्याने वाचली. “दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नये.”

पडदा काळा झाला. डब्याच्या कडेचा पांढरा दिवा लुकलुकायला लागला.

काकांनी कागद खिळ्याला अडकवला आणि दिव्याकडे पाहिलं. दिवा लुकलुकतोय. पॅनेलवर स्थिर दिवा म्हणजे क्षेम. लुकलुकला की बिघाड. विचारायचं नाही, फोन करायचा नाही, आधी वीज तोडायची. खाली कोणाचा तरी हात आत असतो. हे त्यांना आठवावं लागलं नाही. दोन पावलांत ते भिंतीपाशी पोचले आणि बोट खटक्यावर ठेवलं.

काठी मनगटावर बसली तेव्हा आधी आवाज ऐकू आला आणि दुखलं नंतर.

“अगं! डोकं फिरलं का तुझं?”

बायको अर्धी उभी होती. डाव्या हातात काठी पुन्हा उगारलेली, पाय लटपटत असलेले, तोंड वाकडं झालेलं. “हो,” ती ओरडली. “हो, हो, हो!” आणि जोरजोरात मान हलवत होती, नाही म्हणून.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्यावर हात उगारला नव्हता. काका मनगट धरून उभे राहिले. डब्याचा दिवा आणखी चार-पाच वेळा लुकलुकला आणि विझला.

मग त्यांनी कागद परत काढून पाचवी ओळ वाचली. अक्षर त्यांचं. एका मिनिटापूर्वी वाचणारा आवाजही त्यांचाच होता.

त्यांनी बायकोला धरून खाली बसवलं. स्वतः पलंगावर टेकले. विसरतो आपण, वय झालं, अशी त्यांनी आतापर्यंत समजूत घातली होती. चारचौघं विसरतात. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. पण हे तसं नव्हतं. इथे जागा रिकामी राहत नव्हती. चौदा महिन्यांत शिकलेलं गळून जात होतं आणि खालून एकतीस वर्षांचं वर येत होतं, पक्कं, झटपट, बिनचूक. डब्यासमोर तेच घातक होतं. हात चुकत नव्हता, हीच पंचाईत होती. चुकला असता तर अडखळला तरी असता.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला.

“मी चार्ज सोडतोय.”

“कसला चार्ज? मोबाइलचा?”

“डब्याचा. मी आता पॅनेलला हात लावणार नाही. तू ये आणि त्या खटक्याचं काहीतरी कर. माझा हात पोचता कामा नये.”

कारखान्यात ताप असो, झोप झालेली नसो, घोट घेतलेला असो, ‘मी चार्ज सोडतो’ असं ज्याचं त्यानेच म्हणायचं असे, आणि म्हटल्यावर का ते कोणी विचारायचं नसे. काकांनी ते वाक्य इतरांच्या तोंडून ऐकलं होतं. मुलीला नियम ठाऊक नव्हता. तिने विचारलं, “का? झालं काय बाबा?”

त्यांनी सांगितलं. बुधवारच्या खुणा, व्होल्टेजचं खोटं, काठी, सगळं, एखाद्या अपघाताचा अहवाल द्यावा तसं, वेळेसकट.

“आईला लागलं नाही ना?” ती म्हणाली.

“तिला कशाला लागेल? मार मी खाल्ला.”

तिला हसू आलं, ते अर्ध्यावरच थांबलं.

रविवारपर्यंत थांबायचं सोडून मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, हातात स्क्रूड्रायव्हर. जड कपाट पुढे ओढून तिने डब्याची वायर मागच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली आणि कपाट परत भिंतीला टेकवलं. आता तिथे कोणाचाच हात पोचत नव्हता. आईच्या डाव्या अंगठ्याला तिने एकच गोष्ट शिकवली: खेळ झाला की कंट्रोलरचं हे बटण धरून ठेवायचं आणि ‘झोप’ निवडायचं. आईने पाच वेळा करून दाखवलं. पाचही वेळा नारिंगी दिवा लागला, न लुकलुकता.

काका दाराशी उभे राहून बघत होते. मनगटावर काळानिळा वळ उठला होता.

“आता चालूच राहणार तो. रात्रंदिवस,” ते म्हणाले.

“राहू दे की.”

“मी कोण सांगणारा.”

मुलगी हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि बंद झाला. मग काहीच आवाज नाही. काका आत डोकावले. ती ओले हात तसेच धरून ओट्यासमोर उभी होती आणि शेगडीच्या बटणांकडे, तिथून खालच्या सिलिंडरकडे, तिथून भिंतीवरच्या गीझरच्या खटक्याकडे बघत होती.

“बाबा,” तिने न वळता विचारलं, “गॅस कोण बंद करतं?”

“मीच,” काका म्हणाले. “दुसरं आहे कोण?”

ती एक तासासाठी आली होती. तिने ओले हात ओढणीला पुसले, फोन काढला आणि आज घरी यायला जमणार नाही, असं नवऱ्याला सांगितलं. उद्याचं विचारल्यावर ती म्हणाली, उद्याचं उद्या बघू.