दाराजवळच्या खुर्चीतले भाऊ

शुक्रवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. दुबईतल्या चर्चच्या आवारातल्या इमारतीचा वरचा मजला, मराठी बायबल-वाचनगट. प्रत्यक्ष हजर: मी आणि शारजाहून येणाऱ्या सिल्वीताई. मोबाइलवरून हजर: बाकी सगळे. गैरहजर: भाऊ.

आम्ही दोघीही खोलीत नव्हतो, व्हरांड्यात होतो. आमच्या खोलीत फिलिपिनो मुलं-मुली गिटारवर गात होती. छान गात होती. मी नोंद उभ्यानेच लिहिली.

नोंदी ठेवायची मला सवय आहे. एका हॉटेलच्या बँक्वेट विभागात मी काम करते. लग्नाला किती पानं, किती खुर्च्या, किती नॅपकिन, हे ठरवण्यात माझी वर्षं गेली. आमच्या धंद्यात एक साधा नियम असतो. पाहुण्यांनी नक्की केलेला आकडा जेवढा, तेवढ्याच खुर्च्या लावायच्या. रिकाम्या खुर्च्या फोटोत वाईट दिसतात.

भाऊंना हा नियम मान्य नव्हता.

"येतील की." हा त्यांचा शब्द. संध्याकाळी मी धावतपळत खोलीत शिरायची, तर भाऊंनी सगळ्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या असायच्या. यादीत जेवढी नावं, तेवढ्या खुर्च्या. आणि ते स्वतः दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून.

"जय ख्रिस्त, ताई."

"जय ख्रिस्त. भाऊ, एवढ्या कशाला मांडल्या? पाच-सहा पुरे होतात आपल्याला."

"यादीत नावं आहेत ना?"

"आहेत."

"मग येतील की. ट्रॅफिक असेल."

आम्ही पाच-सहा जण यायचो, कधी चार. वाचन संपलं की भाऊ सगळ्या खुर्च्या पुन्हा एकावर एक रचून भिंतीशी लावायचे. ज्यांवर कुणी बसलं नाही त्यासुद्धा फडक्याने पुसून.

भाऊ नगरकडचे. पन्नाशीचे, अंगाने बारीक, मिशी मात्र भरघोस. अल क्वोजमधल्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला होते. शहरातल्या हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन तिथे ट्रकने येतात आणि वाफेच्या इस्त्रीखालून जातात. त्या इस्त्रीवर ते उभे असायचे. राहायला तिथलाच कामगारांचा कॅम्प. शुक्रवारची सुट्टी. आधी बस, मग मेट्रो, मग चालत, असे ते यायचे. मी इंटरनॅशनल सिटीतून गाडीने येते, तरी उशीर होतो.

तुमच्याही गटात असं कुणीतरी असेल. सगळ्यांच्या आधी आलेलं असतं, म्हणून ते कधी आलं हे कुणाला माहीतच नसतं. खोलीत एसी चालू असतो, दिवे लागलेले असतात, तसं तेही असतं.

आता आमच्या खोलीचा नियम सांगते. आवारात भाषा पुष्कळ आणि खोल्या थोड्या. खोल्यांचं सगळं केरळचे एक अंकल बघतात. वेळ झाली की ते कुलूप काढतात. पाव तासात गटाचं एकही माणूस आत बसलेलं दिसलं नाही, तर खोली त्या दिवसापुरती बाहेर थांबलेल्या दुसऱ्या गटाला. असं दोनदा झालं, की तो तास कायमचा त्यांचा. नियम कडक वाटेल, पण मी त्यांच्या जागी असते तर मीही हाच केला असता. आमच्या आधीच्या लोकांनी अर्जावर अर्ज करून हा तास मिळवला होता. आठवड्यातून एकदा मराठीत वाचायचं, मराठीत प्रार्थना करायची, यासाठी आम्हांला या शहरात एवढीच जागा आहे.

आणि त्या पाव तासात आत बसलेलं माणूस म्हणजे दर वेळी भाऊ. हे आम्हांला माहीत होतं. फक्त त्याचा विचार कुणी करत नव्हतं.

आता हजेरीबद्दल. कोविडच्या काळात सगळे घरी होते, तेव्हा मी एक पद्धत सुरू केली. वाचनाच्या वेळी व्हॉट्सॅप गटावर 'हजर' लिहायचं, मी नोंद करणार. काळ सरला, पद्धत राहिली. सोयीची होती. कुणी ऑफिसातून, कुणी मुलांच्या क्लासबाहेर गाडीत बसून, कुणी मॉलमधून 'हजर' टाकायचं. मी वाचनाचा उतारा टाकला की खाली 'आमेन'ची रांग लागायची. वर्षाच्या शेवटी मी चर्चच्या ऑफिसात हजेरीचा तक्ता दिला. फादरांनी मिस्साच्या उपासनेनंतर आमच्या गटाचं नाव घेतलं. सर्वांत जागृत भाषिक गट, म्हणाले. प्रमाणपत्र मिळालं. ते मी लॅमिनेट करून घेतलं. त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

भाऊंचा फोन साधा, बटणांचा. ते गटावर नव्हते. त्यामुळे माझ्या तक्त्यात भाऊ कायम गैरहजर.

एकदा मी त्यांना हे सांगितलं. गंमत म्हणूनच.

"भाऊ, यादीत तुम्ही गैरहजर दिसता."

"मी तर इथे बसलोय."

"तसं नाही हो. मोबाइलवर हजर टाकायचं असतं."

"टाकलं म्हणजे मग बसायचं नाही का?"

"बसायचं, पण टाकायचंही."

त्यांनी थोडा विचार केला. "असं करू. मी बसतो. तुम्ही टाका."

सिल्वीताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी टाकायचं ठरवलं. टाकलं नाही, कारण गटावर दुसऱ्याच्या नावाने 'हजर' टाकता येत नव्हतं.

भाऊ वाचनात झोपायचे हेही सांगितलं पाहिजे. पहिलं पान उलटेपर्यंत मान खाली. घोरणं बारीक, शिट्टीसारखं. मागच्या वर्षी मी बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, आशियातल्या सात मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रांवर सलग सत्रं घेतली. नकाशे छापून आणले, रंगीत पेनं आणली. एका शुक्रवारी सार्दीस. ते शहर उंच कड्यावर होतं. इथे कोण चढून येणार, म्हणून पहारेकरी निर्धास्त झोपले आणि शत्रू कडा चढून आत आला. एकदा नाही, दोनदा. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचंही तेच झालं, मी सांगत होते. नाव मोठं, लोक म्हणायचे जिवंत मंडळी, आणि आत काही उरलं नव्हतं. मी हे सांगत असताना दाराजवळून शिट्टी ऐकू येत होती.

"भाऊ!" सिल्वीताई ओरडल्या. "पहारेकरी झोपले म्हणून शहर बुडालं आणि तुम्ही इथे घोरताय!"

भाऊंनी दचकून मिशी पुसली. "मी दाराशी झोपतो, ताई. कुणी आत यायला लागलं तर माझ्या अंगावर पडेल."

सगळे हसले. मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला.

लावदिकीयाच्या पत्राच्या वेळी ते जागे होते. त्या गावाला पाणी लांबून नळाने यायचं, येईपर्यंत कोमट व्हायचं. म्हणून त्या मंडळीला कोमट म्हटलं आहे, असं मी सांगितलं. दुबईतल्या माणसाला कोमट पाणी काय सांगायचं? उन्हाळ्यात आमच्या नळाला थंड असं काही येतच नाही, गच्चीवरच्या टाक्या तापतात. आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतो. सगळे आपापल्या गीझरबद्दल बोलायला लागले. कुणाचा कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा. वाचनाची वेळ त्यातच संपली.

"कॅम्पात कसं करता, भाऊ?" मी विचारलं.

"आदल्या रात्री बादली भरून ठेवायची."

"आणि ती गार होते?"

"थोडी होते. मुद्दा असा, की भरून ठेवायची हे लक्षात राहिलं पाहिजे."

आम्ही लगेच दुसऱ्या विषयाला लागलो. पुढच्या आठवड्याच्या नाश्त्याचं ठरवायचं होतं.

एकदा ते डाव्या हाताला बँडेज बांधून आले. वाफेने भाजलं होतं. तरी खुर्च्या मांडलेल्या.

"अहो, हे काय? कुणी सांगितलं होतं तुम्हांला?" सिल्वीताई रागावल्या.

"उजवा आहे ना."

"एक दिवस आराम केला असता तर काय बिघडलं असतं?"

"बाहेर गिटारवाली पोरं बसलेली असतात, ताई. चांगली आहेत. मला दर वेळी विचारतात, 'कमिंग?' मी म्हणतो, 'कमिंग, कमिंग.'" ते हसले. "त्यांनाही जागा पाहिजेच की. पण मी असलो तर मागत नाहीत."

त्या दिवशी मी खरंच विचारलं, "भाऊ, एवढ्या लांबून येता, दमलेले असता, बसल्या बसल्या झोपता. मग कशाला येता?"

त्यांना प्रश्न अवघड वाटला नाही. "कॅम्पात झोप होत नाही. एका खोलीत आठ जण, आठ जणांचे आठ फोन. इथे मराठीत झोप लागते. जाग आली की कानावर आपलं वाचन असतं. मला वाटतं, चला, अजून चालू आहे."

गेल्या नाताळच्या जेवणाला त्यांनी टेबलावरच्या कापडावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "ही आमच्याकडची इस्त्री नाही." एवढीच तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली, आणि तीही कापडाबद्दल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी सांगितलं. आम्ही या वर्षीच्या नाताळचं ठरवत होतो. केक कुठून, कॅरोलसाठी स्पीकर कुणाचा, मुलांसाठी सांताक्लॉज कोण होणार. भाऊ खुर्च्या रचत होते. रचता रचता म्हणाले, "ताई, पुढच्या शुक्रवारपासून खुर्च्या कुणीतरी लावा."

"का? शिफ्ट बदलली?"

"लाँड्री बंद होतेय. व्हिसा कॅन्सल झाला. बुधवारचं तिकीट आहे."

"अरे देवा! भाऊ, मग नाताळ?" सिल्वीताई म्हणाल्या.

"गावाकडे करीन की."

"खलास, म्हणजे कायमचेच चाललात?"

"कायमचाच."

"बरं," मी म्हणाले, "लिहून घेते." आणि लिहून घेतलं: खुर्च्या आणि दार, कोण? त्याच्या वर केक होता आणि खाली स्पीकर.

त्या वेळी मला काय वाटलं ते आठवून पाहते. फारसं काही नाही. काम कमी झालं की वाढलं, एवढं मोजलं. भाऊंनी शेवटची खुर्ची पुसली, दिवा बंद केला, अंकलना सलाम केला आणि मेट्रोच्या दिशेने गेले. आम्ही पार्किंगकडे. त्यांच्या गावचा नंबर घ्यायचा कुणाला सुचलं नाही. इथलं सिमकार्ड आता लागत नाही.

मी गटावर लिहिलं: 'शुक्रवारी वेळेवर जाऊन खोलीत कोण बसेल?' खाली जोडलेल्या हातांची रांग आली. पंचवीस-तीस जोड्या तरी असतील. एकाने लिहिलं, 'भाऊंसाठी प्रार्थना.' त्यालाही 'आमेन' आले. स्वतःचं नाव कुणी लिहिलं नाही. पुढे नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार मिस्सामुळे तसाच गेला, त्या दिवशी वाचन नसतं.

मग आजचा दिवस. माझी मीटिंग लांबली. सिल्वीताई शारजाच्या ट्रॅफिकमध्ये होत्या. दोघी जिन्यातच भेटलो, आणि वरून गिटार ऐकू आलं. माझ्या पिशवीतला फोन एकसारखा वाजत होता. हजर, हजर, हजर.

अंकल खोलीबाहेर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. ओशाळलेले होते, पण नियम म्हणजे नियम.

"मॅडम, मैंने पंद्रह मिनट देखा. कोई नहीं आया. वो आदमी किधर है, मूँछवाला?"

"गाँव गया, अंकल."

"अच्छा." त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "वो तो हमेशा मेरे से पहले आता था. मैं ताला खोलता, वो बाजू में खड़ा."

आम्ही दारातून आत पाहिलं. पोरांनी खुर्च्या गोल मांडल्या होत्या, एकही रिकामी नव्हती. काही मुलं भिंतीला टेकून उभी होती. एका मुलीने आम्हांला पाहिलं आणि दाराजवळच्या खुर्चीवरून उठून, बसा, अशी हाताने खूण केली. आम्ही मान हलवून नको म्हटलं.

सिल्वीताईंनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत, मला तशी गरज वाटली नाही. मी वही काढली, तारीख घातली, हजेरी लिहिली. भाऊंच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. तक्त्यात नवीन काही नव्हतं.

"मॅडम," अंकल म्हणाले, "ये एक बार हो गया. और एक बार हुआ, तो फिर मेरे हाथ में नहीं है."

"पता है, अंकल."

"नेक्स्ट फ्रायडे?"

"आएंगे," मी म्हणाले. तोंडातून आपोआप आलं.

"कौन आएगा?"

मी वहीत पाहिलं. केकपुढे नाव होतं, स्पीकरपुढे नाव होतं. शुक्रवारी मला मुलीला आधी क्लासला सोडायचं असतं, सिल्वीताईंना शारजाहून निघायलाच साडेपाच होतात, आणि बाकीचे हजर आहेत.

अंकल अजून उत्तराची वाट बघत आहेत. वहीत 'खुर्च्या आणि दार' यापुढचं नाव घालायचं राहिलं आहे.