पंगतीत न बसणारे आमचे फौजी

मैत्रिणींनो, आत्ताच तुकईथडहून बुऱ्हाणपूरला घरी पोहोचलो. ह्यांना विचारूनच लिहितेय.

ह्यांच्या आत्याबाईंकडे आज नातवाचं जावळ होतं. जेवायला वरण-बट्टी. फौजेतून रिटायर झाल्यापासून हे कुठल्याच कार्यक्रमात पंगतीला बसत नाहीत, बादली घेऊन वाढतच राहतात. लोक कौतुकानं म्हणतात, "फौजी आहे, सेवेची आदत आहे."

आदत कसली? कमरेच्या दुखण्यानं ह्यांना मांडी घालता येत नाही. आणि पाठीमागून कुणी ये-जा करायला लागलं की अंग ताठ होतं, घास गिळवत नाही. सीमेवरून आल्यापासून असंच आहे. आम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांचं आवरल्यावर हे स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायचे.

आज आत्याबाईंनी ह्यांच्या हातातली वरणाची बादली काढून घेतली. भिंतीला टेकवून दोन खुर्च्या मांडल्या, पुढे टेबल ठेवला आणि म्हणाल्या, "बस रे भाऊ. माझे घुटने दुखतात, अन् एकटीला वर बसायची शरम वाटते."

त्याच आत्याबाई सकाळपासून जमिनीवर मांडी घालून बट्ट्या वळत होत्या.

हे बसले. तीनदा वरण मागून घेतलं. परत येताना गाडीत म्हणाले, "गरम बट्टीची चव मी विसरलोच होतो."

तुमच्याकडे कायम वाढतच राहणारं माणूस कोण आहे? ते कधी जेवतं, पाहिलंय का?