सात पावलांवरचा खुंटा

पोळ्यानंतरच्या सोमवारी वडील वारले. त्या दिवशी गाईंचे खुंटे हलले नाहीत.

तीर्थपुरीच्या रस्त्याला आमचं एकरभर कुरण आहे. वडिलांनी त्यात पवना गवत आणि स्टायलो मिसळून पेरलं होतं. स्टायलो म्हणजे पिवळ्या फुलांचा द्विदल चारा. हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत धरतो आणि शेजारच्या गवतालाही पोसतो. वडील तिन्ही गाई लांब दाव्यानं बांधत आणि रोज सकाळी खुंटे सात पावलं पुढं ठोकत. "जिथं खाल्लं तिथंच शेण-मूत पडलं पायजे," म्हणत. तिथलं शेण त्यांनी आईला गोवऱ्यांसाठीसुद्धा उचलू दिलं नाही.

तेरावं झालं आणि धाकट्या भावानं खुंटे उपटले. मोकळ्या गाई थोडं चरून हौदाजवळच्या बाभळीखाली येऊन बसायच्या. मी अंबडला शाळेत शिकवते. रविवारी यायची आणि तेच बघायची. सगळं शेण बाभळीखाली. तिथलं गवत माजलेलं, पण शेणाच्या वासानं गाई त्याला तोंड लावेनात. बाकीचं कुरण पिवळं पडत चाललेलं.

"खुंटे का ठोकत नाहीस?"

"अक्के, मी काय गाईमागं पावलं मोजत बसू? लई शिकली ना, मंग तू राहा इथं."

"अण्णा मोजायचेच ना?"

"अण्णाला घरात करमत न्हवतं. मी करून राह्यलो तेवढं बराबर म्हण."

मी जास्तच चिडले. पुढच्या मृगात स्वतः युरियाचं पोतं आणलं आणि कुरणभर फेकलं. या जमिनीला युरिया दाखवायचा नाही, असं वडील सांगायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

पवना कमरेला लागला. भाऊ हसला. "बघ अक्के, पोत्यानं काम झालं! उगंच भांडत होतीस."

गवताच्या सावलीत स्टायलो बसला. आयतं नत्र मिळालं की गवत माजतं आणि द्विदल दबतो. नत्रचक्र मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. दिवाळीपर्यंत युरियाचा जोर सरला, गवत परत पिवळं पडलं, आणि त्याला पोसणारा स्टायलो उरला नव्हता. भावाला बोलायची सोयही मी घालवली होती.

आता रविवारी खुंटे मी ठोकते. सोमवार ते शनिवार गाई बाभळीखाली असतात. बांधाच्या कडेला, जिथं युरिया फेकताना माझा हात पोचला नव्हता, तिथं स्टायलोची अकरा झाडं आहेत.