वाक्याला दोरी लावणारे दाजी

आमच्या दाजींइतका सावकाश शिकवणारा मास्तर उभ्या कर्जत तालुक्यात झाला नाही, आणि झाला असेल तर तो अजून पहिल्याच धड्यावर असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दहिवलीचे. मी मॅट्रिकला भूगोलात आपटले तेव्हा बाबांनी त्यांना गळ घातली, आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकल हाणत ते कशेळ्याच्या अलीकडे आमच्या घरी येऊ लागले. ऑक्टोबरची परीक्षा तोंडावर, पुस्तक हे एवढं जाड! दाजींनी ते उघडलं, एका वाक्यावर बोट ठेवलं आणि मिटून फडताळात टाकलं. म्हणाले, "हे एक आलं की बाकीची आपोआप येतात." कुठून येतात, देव जाणे!

वाक्य होतं, 'डोंगरउतारावरील वृक्षतोडीमुळे माती वाहून जाते व परिणामी नदीचे पात्र उथळ बनते.' दाजींनी गोठ्यातली दोरी आणली आणि अख्खं घर अंगणात उभं केलं. वृक्षतोड झाले बाबा, माती झाले मी, आणि माणसं संपली म्हणून नदी झाली म्हैस. ज्याच्यामुळे जे घडतं, त्या दोघांनी दोरीची दोन टोकं धरायची. आई पिठाचे हात घेऊन मध्येच उभी.

"मी कोन वो, जावईबापू?"

"तुम्ही परिणामी, मामी."

"आन् त्यानं करायचं काय?"

"मातीची दोरी नदीपर्यंत पोचवायची."

आई दोरी घेऊन म्हशीकडे निघाली, म्हैस उधळली, आणि नदीचं पात्र थेट शेजाऱ्यांच्या भातशेतात शिरलं. दाजी मात्र खुशीत. "पुस्तकी भाषा म्हणजे नवं सासर गं," मला म्हणाले. "एकेका माणसाशी ओळख झाली की घर आपलं." पुढच्या शनिवारी पुन्हा तेच वाक्य. त्याच्या पुढच्याही. माझ्या डोक्यात वृक्षतोड, म्हैस आणि परिणामी यांचा असा काला झाला की सोय नाही. बाबांनी एकदा भीत भीत विचारलं, "मास्तर, संपलं का नाय वाक्य?" दाजी म्हणाले, "मामा, आत्ता कुठं उलगडतंय!"

तेवढ्यात चौक गावाहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलाचं हायवेला गॅरेज, नाव ठेवायला जागा नाही. बाबांनी जाहीर करून टाकलं, "पोरीचं शिक्षण पुरं. आता लगीन उरकून टाकू." मला मास्तरीण व्हायचं होतं हो! दाजी आता भांडतील असं वाटलं. छे! ते गोठ्यात जाऊन दोरी घेऊन आले. "मामा, वाक्य चांगलं आहे. उभं करून बघू."

पुन्हा सगळे अंगणात. लग्नाच्या जागी बाबा, दोरीचं एक टोक त्यांच्या हातात. दुसरं टोक घेऊन दाजी शांतपणे म्हणाले, "कशामुळं?"

"ही नापास व्हनार म्हनून!"

"परीक्षा व्हायची आहे. तो माणूस अजून आलेला नाही. दुसरं कोण?"

"लोक बोलतात म्हनून."

दाजींनी कुंपणावरून वाकून रस्ता पाहिला. काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. "मग मामा, हे टोक देऊ कुणाच्या हातात?"

बाबांनी दोरी धरून आईकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. मग दोरी खाली ठेवत म्हणाले, "मला काय बी समजत नाय. पन देऊ दे तिला परीक्षा."

परीक्षेत ते वाक्य आलंच नाही. मी घाबरून गेले, आणि मग एकेक प्रश्न मनातल्या अंगणात उभा करत गेले. काठावर का होईना, पास झाले. दाजी एवढंच म्हणाले, "बघ, बाकीची आली ना?" आता मी कशेळ्याला शिकवते. वर्गात दोरी काढली की पोरं खुदखुदतात. खुदखुदू देत.

परवा दाजी गेले. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, वय झालं होतं म्हणून गेले. मी आपली मान हलवत होते. ताईनं दाराआडून त्यांची जुनी दोरी काढून माझ्याकडे दिली. एक टोक मी घट्ट धरलं. दुसरं कुणाच्या हातात द्यावं, ते मला काही केल्या कळेना.