सारवलेलं खळं

मी काय काम करते हे शेजारणींना सांगताना आईची नेहमी पंचाईत व्हायची. वकील म्हणावं तर सनद नाही. लॉचं पहिलं वर्ष झालं, वडील गेले आणि शिक्षण तिथंच थांबलं. टायपिस्ट म्हणावं तर मी चिडायचे. ठाण्या-पनवेलचे काही वकील मला कामं द्यायचे. तलाठ्याकडून उतारे काढायचे, अर्जांचे मसुदे करायचे, पक्षकाराला तारखेला वेळेवर उभं करायचं. पगार नाही, ऑफिस नाही, डोक्यावर साहेब नाही. वाशीच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी एक जुना टाइपरायटर होता, तेवढाच माझा संसार.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. नवी मुंबई तेव्हा अर्धी नकाशात होती आणि अर्धी चिखलात. रोज कुणाची तरी जमीन जात होती, त्यामुळे मला कामाचा तोटा नव्हता. दिवाळे गावच्या कोळणी माझ्याकडे आल्या त्या अशाच. खाडीकाठी त्यांचं मासळी वाळवायचं खळं होतं. जवळा, करंदी, मांदेली, सगळं तिथंच वाळायचं आणि त्यावर घरं चालायची. सरकारी कागदात मात्र ती जागा 'पडीक' होती, आणि तिथून आता रस्ता जाणार होता. मी त्यांचा हरकतीचा अर्ज लिहिला. पनवेलच्या एका वकिलांनी त्यावर सही केली. अधिकारी स्वतः येऊन जागा बघणार असं ठरलं. जागा वापरात आहे एवढं त्यांच्या पंचनाम्यात आलं की रस्ता वळवावा लागणार होता. नाही आलं, तर खळं गेलं.

पाहणीच्या दिवशी मी सकाळीच निघाले. वकील कोर्टात अडकले होते, त्यांनी मला एकटीलाच पाठवलं. एरवी त्या गावाचं वळण आलं की वाळत्या जवळ्याचा वास आधी भेटायला यायचा. त्या दिवशी वळण गेलं, पुढचं देऊळ गेलं, तरी वास येईना.

खळ्यावर पोचले आणि जागच्या जागी उभी राहिले. मासळीचा एक कण नव्हता. काठ्या उपटून, दोऱ्या गुंडाळून कुठंतरी नेल्या होत्या. सगळी जमीन शेणानं ताजी सारवलेली. कडेनं रांगोळी. मधोमध शाळेतून आणलेली खुर्ची आणि तिच्यावर कुणाच्या तरी लग्नातली चादर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाचं हे डोकं?" मी विचारलं.

बायकांची पुढारीण एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, गावात तिचा शब्द खाली पडत नसे. ती हसतच पुढं आली. "काल सगल्या बाया राबल्या, बाय. साहेब येनार, त्याला घानीत बसवायचा काय? घरी मानूस येनार तर आंगन सारवत नाय तुमी?"

"अहो आजी, घाणच बघायला येतोय तो! मासळी दिसली नाही तर तो लिहिणार काय?"

तिचं हसू मावळलं. क्षणभर ती सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिली, मग मागं वळून ओरडली, "टोपल्या आना गो!" बायका पळाल्या. पहिल्या टोपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि तेवढ्यात रस्त्यावर धूळ उडाली. जीप आली होती. आता साहेबाच्या डोळ्यांदेखत मासळी पसरली असती, तर सगळंच सोंग ठरलं असतं. मी हातानं खूण केली, मागं व्हा. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या त्या बायका निमूट गल्लीत मागं सरल्या.

साहेब उतरले. मध्यमवयीन, शांत माणूस. वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. खुर्ची बघून संकोचले, पण म्हातारीनं बसवलंच. शहाळं हातात दिलं. शहाळं पिऊन त्यांनी चहूकडे नजर फिरवली आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा. जागा मोकळी."

"साहेब, यांनी काल मुद्दाम..." मी सुरुवात केली.

"तुम्ही वकील?"

"नाही. त्यांच्या वतीनं आलेय."

"सनद आहे?"

"नाही."

"मग बोलू नका. मला जे दिसतं ते मी लिहितो."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सगळा अर्ज मी लिहिलेला, पण तोंड उघडायचा हक्क मला नव्हता. कारकुनाचं लिहून झालं. पंच म्हणून गावातल्याच चौघांना पुढं बोलावलं, त्यात म्हातारी पहिली. तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला सुद्धा. दारी आलेला माणूस काही मागतोय आणि आपण नाही म्हणायचं, हे तिच्या घराण्यात कधी झालं नसावं.

बोलायची मनाई होती, पण नियम सांगायची नव्हती. मी कारकुनाला म्हटलं, "अंगठ्याआधी वाचून दाखवायचं असतं."

कारकुनानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावली. कारकून भरभर वाचू लागला आणि शेवटी म्हणाला, "सदर जागा मोकळी व स्वच्छ असून कोणत्याही वापरात नाही."

म्हातारीचा अंगठा कागदाच्या वरच थांबला. "वापरात नाय?" तिनं विचारलं. तिनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसला. "मंग मी जल्मभर कुठं बसलेली? तुमी येनार म्हनून काल उचलला आमी. ता लिवा. नायतर मी अंगठा देनार नाय."

बाकीचे तिघेही मागं सरले. साहेबांनी कागदावरच्या अंगठ्यांच्या कोऱ्या जागेकडे बघितलं. मग उठले. "पंचांनी सही दिली नाही असं लिहा," ते कारकुनाला म्हणाले, आणि जाता जाता माझ्याजवळ थांबले. "मी परत येईन. पण सांगून येणार नाही."

जीप गेल्यावर मी सगळ्यांना गोळा केलं आणि चांगलं झापलं. आजपासून रोजचंच काम, रोजच्यासारखं. झाडायचं नाही, आवरायचं नाही. साहेब दिसला तरी कुणी हातातलं काम सोडून उठायचं नाही. खुर्ची नाही, चहा नाही, काही नाही. म्हातारीला तीन वेळा बजावलं. तिनं मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. जमेल तेव्हा दिवाळ्याला फेरी मारायची, जवळा पसरलेला दिसला की जीवात जीव यायचा. आई म्हणायची, तुझी जमीन गेल्यासारखी काय करतेस.

ते आले तेव्हा मी नशिबानं तिथंच होते. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. जीप वाटेत कुठं तरी बंद पडली होती, त्यामुळे साहेब चालत आलेले, शर्ट घामानं चिंब. खळं जवळ्यानं भरलेलं, वर माश्या, कुत्री, काठ्यांवर मांदेल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला. बायका खाली मान घालून जवळा उलथत राहिल्या. कुणी उठलं नाही. साहेबांचा घसा कोरडा पडला असावा, ते खोकले आणि सावलीतल्या माठाकडे त्यांनी बघितलं. म्हातारी माठाशेजारीच बसली होती. तिचा हात जरासा उचलला गेला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही.

साहेबांनी पाणी मागितलं नाही. उभ्या उभ्या कारकुनाकडून लिहवून घेतलं, वाचून दाखवायला लावलं. 'जागा मासळी वाळविण्याच्या नित्य वापरात आहे.' चौघांनी अंगठे दिले. ते तसेच उन्हातून चालत गेले.

मला नाचावंसं वाटत होतं. पुढं रस्ता वळला, खळं राहिलं. पण आमचा जय त्या एका वाक्यातच झाला होता. मी म्हातारीजवळ धावत गेले. ती तांब्याभर पाणी घेऊन उभी होती आणि वाटेकडे बघत होती. साहेब वळणापलीकडे गेले होते.

"आजी, खळं राहिलं!"

"राहिला," ती म्हणाली. मग वाटेवरची नजर न काढता म्हणाली, "मानूस तान्हेला गेला, बाय. माज्या दारातून."

तिनं पाणी तसंच माठात ओतलं आणि खाली बसून जवळा उलथू लागली. मी जिंकले होते, आणि तिथं उभं राहण्याची मला लाज वाटत होती. मी पिशवी उचलली, येते म्हणाले. तिनं मान वर केली नाही.